बोट घ्यायच्या आधी तिचा पंचवीस वर्षांचा हिशोब मागा: सागरी मंडळाला खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र सागरी मंडळ आणि राज्याचा बंदरे विभाग, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी मरीन इंजिनिअर आहे, गाव रायगड जिल्ह्यातलं, आणि नोकरीची बरीच वर्षं मोठ्या जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेली. आता किनाऱ्यावर असतो. मुंबईच्या वॉटर मेट्रोचा, म्हणजे मेट्रोसारख्या बोटसेवेचा, अहवाल करायचं काम कोची मेट्रोकडे दिलंय, भाऊच्या धक्क्यावरून जयगड-विजयदुर्गच्या वेगवान रो-रोची (माणसांसोबत गाड्याही नेणाऱ्या बोटीची) घोषणा झाली, खाड्यांमध्ये नवीन जेट्या होतायत, हे सगळं वाचून मनापासून आनंद होतो, कारण कोकणाला समुद्राचा रस्ता परत मिळावा असं वाटणाऱ्यांपैकी मी एक आहे. पण बातम्यांमध्ये प्रत्येक वेळी "इलेक्ट्रिक", "ग्रीन", "हायड्रोजन", "एलएनजी" (थंड करून द्रवरूप केलेला नैसर्गिक वायू) हे शब्द येतात आणि त्यामागे हिशोब कुठेच दिसत नाही. म्हणून हे पत्र.

माझी मागणी एकच आहे. बोट कुठल्या इंधनावर चालणार हे आधी ठरवू नका. आधी मार्ग घ्या, त्यावर दिवसाला किती फेऱ्या होणार, किती वेगाने, हे लिहून काढा, आणि त्या मार्गावर त्या बोटीचा पंचवीस वर्षांचा सगळा खर्च आणि सगळा धूर मांडा. मगच टेंडर काढा. सरकारी खरेदीत बहुतेक वेळा जो कमी किंमत सांगतो तो एल-वन ठरतो आणि त्याला काम मिळतं. साधी बाइक घेताना सुद्धा आपण मायलेज विचारतो हो, आणि बोटीच्या बाबतीत तर तिच्या किमतीपेक्षा तिने आयुष्यभर प्यायलेलं डिझेल कितीतरी पट महाग असतं.

आकडे मांडतो, साधेच आहेत, कुणीही कागदावर करून बघावेत. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. लाँचवर असतं तसं लहान इंजिन त्यातली फार तर ३५ टक्के शाफ्टला, म्हणजे पंखा फिरवणाऱ्या दांड्याला, देतं, बाकी सगळी सायलेन्सरमधून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून जाते. म्हणजे लिटरमागे पंख्याला (बोट ढकलणाऱ्या प्रोपेलरला) मिळतात साडेतीन युनिट. डिझेल ९० रुपये धरलं तर पंख्यापाशी एक युनिट पडलं जवळपास २६ रुपयांना. विजेवर हेच बघा, चार्जर, बॅटरी, मोटर असे सगळे तोटे धरून घेतलेल्या विजेतली ८५ टक्के तरी शाफ्टला पोचते, त्यामुळे वीज १० रुपये युनिट धरली तर पंख्यापाशी १२ रुपये. निम्म्याहून कमी. इंजिन जुनं असेल, इंजेक्टर खराब असतील, तर डिझेलचा आकडा अजून वर जातो.

आता समजा शंभर माणसांची एक लाँच आहे, सरासरी ८० किलोवॅट लागतात आणि दिवसाला ती आठ तास पळते. डिझेल लागलं १८० लिटरच्या वर, म्हणजे दिवसाला साडेसोळा हजार रुपये. विजेवर साडेसात हजार. रोजचे नऊ हजार वाचले, पावसाळ्यातले बंद दिवस सोडून वर्षाचे २७० दिवस धरले तर चोवीस लाख. २०० युनिटची बॅटरी, युनिटमागे ४० हजार रुपये असा दर धरून, ८० लाखांना पडेल, म्हणजे साडेतीन वर्षांत बॅटरीचे पैसे सुटले. चार्जर आणि ट्रान्सफॉर्मर धरून अजून दोन-तीन वर्षं लागू देत. तरीही सौदा फायद्याचाच.

पण हीच लाँच दिवसाला दोनच तास पळाली तर? बचत होते वर्षाला सहा लाख, आणि एकट्या बॅटरीचे पैसे सुटायला तेरा वर्षं लागतात. तेवढ्यात ती बॅटरी म्हातारी होऊन बदलायची वेळ आलेली असते. बोट तीच, समुद्र तोच, वीज तीच, फक्त फेऱ्या कमी, आणि सगळं गणित उलटं. म्हणून म्हणतो की "इलेक्ट्रिक परवडतं का" या प्रश्नाला मार्ग आणि टाइमटेबल माहीत असल्याशिवाय उत्तरच नाही. उद्घाटनाला इलेक्ट्रिक बोट आणून ती नंतर दिवसभर जेटीला बांधून ठेवली तर त्यासारखा महाग उद्योग नाही.

आता पर्यावरणाचं. इथे मला थोडं कडू बोलायचंय, कारण इलेक्ट्रिकच्या बाजूने बोलणारे लोक हे सहसा सांगत नाहीत. डिझेलच्या एका लिटरमधून २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे पंख्यापाशी एका युनिटला ०.७७ किलो. आपल्या देशाच्या ग्रिडची वीज अजून मुख्यतः कोळशाची आहे, एका युनिटमागे ०.७ किलोच्या थोडं वर, आणि बॅटरी-मोटरचे तोटे धरले की पंख्यापाशी ०.८५ च्या आसपास. डिझेल रिफायनरीत तयार करताना आणि इथवर आणताना जे जळतं ते धरलं तर दोन्ही साधारण बरोबरीत येतात. म्हणजे आज नुसता महावितरणचा प्लग लावला तर कार्बन जागेवरच राहतो, फक्त धूर मांडव्याऐवजी चंद्रपूरला निघतो आणि चंद्रपूरच्या लोकांनी काय घोडं मारलंय?

नॉर्वेचं उदाहरण सगळे देतात. २०१५ साली तिथे लाविक ते ओप्पेडाल या मार्गावर अँपिअर ही बॅटरीवरची कार फेरी सुरू झाली, सहा किलोमीटरच्या आतलं अंतर, वीस मिनिटांचा प्रवास, १२० गाड्या, आणि वर्षाला दहा लाख लिटर डिझेल वाचतं असं सांगितलं जातं. खरंय, पण नॉर्वेची बहुतेक वीज धरणांची आहे. ते प्लग लावतात तेव्हा पाणी वाहतं, आपण लावतो तेव्हा कोळसा जळतो. त्यामुळे आपल्या टेंडरमध्ये बोटीसोबत वीज कुठली हेही लिहिलेलं असलं पाहिजे. जेट्यांच्या शेडवर पॅनल, आणि बाकीच्यासाठी सौर किंवा पवन प्रकल्पाशी थेट करार. अर्धी वीज जरी अशी आली तरी कार्बन जवळपास निम्म्यावर येतो. ही अट नसेल तर "ग्रीन" हा शब्द बोटीवर रंगवू नका अशी माझी हात जोडून विनंती आहे.

मग कार्बन बरोबरीत असला तरी इलेक्ट्रिक चांगली का? कारण धूर फक्त कार्बनचा नसतो. लाँचच्या मागच्या बाकावर बसून रोज ये-जा करणाऱ्या माणसाला विचारा. काजळी, नायट्रोजनचे ऑक्साइड, तो आवाज, ती थरथर, बोटीच्या तळाशी साचून समुद्रात जाणारं तेलकट पाणी, हे सगळं इलेक्ट्रिकमध्ये जवळपास संपतं. गंधकाचा मुद्दा मात्र लहान बोटींवर लादू नका. २०२० पासून पंपावर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधक दहा लाखात १० भाग एवढंच आहे, आणि त्याच वर्षी जगभरातल्या मोठ्या जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्धा टक्का झाली, ती म्हणजे दहा लाखात ५००० भाग. पाचशे पट! मुंबई आणि जेएनपीएच्या धक्क्याला लागलेलं मोठं जहाज दिवस-रात्र जनरेटर चालवत उभं असतं, तिथे किनाऱ्यावरून वीज देण्याचं काम केलं तर हवा किती तरी लवकर सुधारेल. ती बंदरं केंद्राची आहेत हे मला माहितीये, पण हवेला ते माहीत नाही, तुम्ही त्यांच्याशी बोलू शकता.

कोचीबद्दल बोलायलाच पाहिजे कारण अहवाल तिथूनच येणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेली ती वॉटर मेट्रो मला खरोखर आवडते, कोचीन शिपयार्डने बांधलेल्या शंभर प्रवाशांच्या बोटी, लिथियम टायटॅनेट बॅटरी जी पंधरा-वीस मिनिटांत भरते आणि खूप वेळा चार्ज झाली तरी टिकते, वर मदतीला डिझेल जनरेटर. एक बोट साधारण साडेसात कोटींना पडली. त्याच्या आधी, २०१७ मध्ये, केरळच्या सरकारी जलवाहतूक खात्याने वैकोम ते तवणक्कडवू मार्गावर आदित्य ही सौर बोट सुरू केली, ७५ प्रवासी, २० किलोवॅटचे पॅनल, ५० युनिटची बॅटरी, आणि ती जास्त करून सूर्यावरच चालते. मला तर आदित्यचा धडा जास्त मोठा वाटतो. तिथे आधी बोटीचं अंगच हलकं आणि सडपातळ केलं, दोन बारीक हलची (बोटीच्या बुडाची) कॅटामरान, वेग कमी ठेवला, आणि मग एवढ्याशा मोटरवर पंचाहत्तर माणसं आरामात जायला लागली. आधी बोट सुधारली, मग इंधन बदललं. आपल्याकडे उलटं होऊ नये, जड बोट घ्यायची आणि तिला ढकलायला बॅटऱ्या भरत बसायचं.

पण कोची म्हणजे बॅकवॉटर आहे. आपल्याकडे बंदराच्या तोंडाशी ऑगस्टमध्ये काय लाट असते ते तांडेलांना, म्हणजे बोट चालवणाऱ्यांना, विचारा. तिथे आठ नॉटने (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) चालणारी बोट भरतीच्या ओढीत आणि वाऱ्यात अडकली तर ८० किलोवॅटचे १५० होतात. बॅटरीचं राखीव किती ठेवायचं हा आकडा कोचीवरून उचलू नका, इथल्या पाण्यात, इथल्या सारंगांना (बोटीच्या प्रमुखांना) सोबत घेऊन मोजा. आणि विजेचं पण. निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, रायगडातल्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. अँपिअरच्या वेळी तिथल्या खेड्यांचं ग्रिड एकदम एवढा लोड घेऊ शकणार नव्हतं म्हणून दोन्ही धक्क्यांवर वेगळ्या बॅटऱ्या ठेवल्या, त्या हळूहळू भरत राहतात आणि बोट आली की तिला झटकन देतात. आपल्या जेट्यांना तेच लागेल. वर सांगितलेल्या लाँचला वीस मिनिटांत ८० युनिट द्यायचे तर २४० किलोवॅटचा चार्जर लागतो, दोन बोटी लागल्या तर गावाच्या ट्रान्सफॉर्मरचं काय होईल ते लाइनमनला विचारा. हा खर्च बोटीच्या टेंडरमध्ये दिसत नाही, तो नंतर कुणाच्या तरी डोक्यावर येऊन पडतो.

मग कुठे सुरू करायचं? माझं मत स्पष्ट आहे, खाड्यांवर. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला या रो-रो बघा, वसई-भाईंदर बघा, मढ-वर्सोवा, मार्वे-मनोरी बघा. अंतर थोडं, पाणी त्यातल्या त्यात शांत, बोट दिवसभर इकडून तिकडे, आणि दर फेरीला गाड्या चढेपर्यंत धक्क्याला उभी. म्हणजे फेऱ्या भरपूर आणि चार्जिंगला वेळ आपोआप. बॅटरीला याहून चांगलं काम शोधून सापडणार नाही. हे मार्ग चालवणाऱ्यांनी स्वतःच्या हिमतीवर वर्षानुवर्षं सेवा दिलीये, त्यांना कर्जाचं व्याज कमी करून द्या, चार्जर मंडळाने बसवून द्या, आणि सगळीकडे एकच प्लग ठेवा म्हणजे एक बोट बंद पडली तर दुसऱ्या खाडीतली आणून लावता येईल. त्यानंतर मोरा, घारापुरी. मांडव्याला हायब्रिड, बंदरात आणि धक्क्याजवळ बॅटरीवर, बाहेर डिझेलवर.

जयगड-विजयदुर्गला बॅटरी जमणार नाही, आणि ते सांगायला लाज वाटायचं काही कारण नाही. समजा एखाद्या वेगवान जहाजाला ५००० किलोवॅट लागतात आणि प्रवास तीन तासांचा आहे, म्हणजे १५ हजार युनिट. एका किलो बॅटरीत ०.१ युनिट धरलं तर १५० टन बॅटरी, राखीव वेगळं. तेवढंच काम डिझेल सव्वातीन टनात करतं. इथे वाचवायचं असेल तर वेगाकडे बघा. पाण्यात वेग वाढवला की लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनात वाढते आणि मैलामागचं इंधन वर्गात. जाहीर केलेला वेग २५ नॉट आहे, तो १८ केला तर मैलामागे डिझेल जवळपास निम्मं होईल, कॅटामरानसारख्या वेगवान हलला हे गणित तंतोतंत लागू पडत नाही पण दिशा तीच राहते. जयगडपर्यंत साडेतीन तास धरले तर त्याचे पाच तास होतील. रात्री निघून पहाटे पोचणारी, कमी तिकिटाची फेरी ठेवली तर गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्याला दीड तास जास्त लागला म्हणून काही बिघडणार नाही, त्याला तिकीट परवडणं जास्त महत्त्वाचं आहे. बेलापूरची वॉटर टॅक्सी २०२२ मध्ये सुरू झाली तेव्हा स्पीडबोटीचं तिकीट ऐकूनच रोजचा नोकरदार मागे फिरला होता. वेग विकत घ्यावा लागतो आणि तो डिझेलच्या भावाने मिळतो.

एलएनजीबद्दल कुणी सल्लागार येऊन सांगेल की हे स्वच्छ इंधन, कार्बन वीस-पंचवीस टक्के कमी. चिमणीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड खरंच तेवढा कमी असतो. पण लहान-मध्यम फोर-स्ट्रोक गॅस इंजिनातून थोडा गॅस न जळताच बाहेर जातो, युरोपच्या नियमांमध्ये अशा इंजिनांसाठी तो ३.१ टक्के धरलाय. मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीस पट तापवतो. मी गुणाकार करून बघितला, त्या ३.१ टक्क्यांत पंचवीस टक्क्यांची बचत जवळजवळ सगळी जाते, दोन टक्के हाताला राहतात. वीस वर्षांचा हिशोब धरला, जो आपल्या मुलांसाठी खरा आहे, तर डिझेलपेक्षा चाळीस टक्क्यांहून वाईट. मोठ्या टू-स्ट्रोक हाय-प्रेशर इंजिनांत ही गळती खूपच कमी असते, पण ती इंजिनं कंटेनर जहाजांची आहेत, आपल्या फेरीत ती बसत नाहीत. तेव्हा एलएनजीला ठाम नाही म्हणा.

हायड्रोजनचं आकर्षण मला समजतं, वाराणसीसाठी कोचीन शिपयार्डने फ्युएल सेलची बोट केली ती आपल्या इंजिनिअर लोकांची कमाई आहे आणि अभिमान वाटतो. पण विजेपासून हायड्रोजन करा, दाबून भरा, मग फ्युएल सेलमध्ये परत वीज करा, या फेऱ्यात पंख्यापाशी एक युनिट पोचवायला साडेतीन ते चार युनिट वीज लागते. बॅटरीला लागते सव्वा युनिटच्या आत. तिप्पट वीज फुकट घालवण्याइतकी हिरवी वीज आपल्याकडे आहे का? खाडीच्या फेरीत तर नकोच. मिथेनॉल लांबच्या जहाजांसाठी पुढे कामाला येईल, मर्स्क या जहाज कंपनीने २०२३ पासून तशी जहाजं चालवायला घेतली, पण त्याला टाकी डिझेलच्या दुपटीहून मोठी लागते आणि हिरवं मिथेनॉल अजून महाग आहे. त्याची वाट बघत आज थांबायचं कारण नाही.

मच्छीमारांबद्दल मला वेगळं आणि कळकळीने सांगायचंय. उद्या कुणी "मासेमारी नौका पण इलेक्ट्रिक करा" असं म्हणेल. ट्रॉलर दिवसाला २५० लिटर पितो असं धरलं तरी एका दिवसाला आठ-नऊ टन बॅटरी लागेल, आणि तो आठ-दहा दिवस बाहेर असतो. होणार नाही. त्यांना डिझेलवरच्या कराचा जो परतावा मिळतो त्याला हात लावू नका, उलट तो वेळेवर द्या. त्यांचं डिझेल वाचवायचा मार्ग दुसरा आहे आणि स्वस्त आहे. पंखा इंजिनाला आणि हलला जुळणारा हवा, शक्य तेवढा मोठा आणि हळू फिरणारा, त्यासाठी गिअरबॉक्सचं रिडक्शन (इंजिनाचा वेग पंख्यासाठी किती कमी करायचा ते) बरोबर हवं. आपल्याकडे इंजिन एका दुकानातून येतं, पंखा दुसऱ्या, आणि बोट बांधणाऱ्याने दोन्ही बघितलेलंच नसतं. पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात तेव्हा बूड घासून, शेवाळ-कालवं काढून चांगला रंग दिला तरी फरक पडतो. ससून डॉक, हर्णै, मिरकरवाडा इथे मंडळाने आणि मत्स्य खात्याने मिळून डिझेल मोजायचं मीटर आणि पंखा तपासून देणारा माणूस ठेवावा, फुकट. इलेक्ट्रिक बोटीच्या एका बॅटरीच्या पैशांत कितीतरी नौकांचं काम होईल आणि धूर जास्त कमी होईल. राजपुरीहून जंजिऱ्याला पर्यटकांना अजून शिडाच्या होड्या नेतात, ते पण टिकवा, तिथे इंजिन घालायची परवानगी मागायला कुणी आलं तर देऊ नका, वाऱ्याचं बिल येत नाही.

तर आता नेमकं काय करा म्हणतो ते लिहितो. पहिलं म्हणजे डिझेलचे आकडे. तुमच्या परवान्यावर चालणाऱ्या प्रत्येक प्रवासी बोटीने महिन्याला किती डिझेल घेतलं, किती फेऱ्या केल्या, किती माणसं नेली, हे तीन आकडे परवान्याच्या अटीत घाला आणि वेबसाइटवर टाका. हे तीन आकडे असले की माणशी, किलोमीटरमागे किती डिझेल हे शाळेतलं पोरगं पण काढेल, आणि मग कुठला मार्ग आधी बदलायचा यावर भांडण उरणार नाही. दुसरं, वॉटर मेट्रोचा अहवाल आला की तो लोकांसमोर ठेवा, मराठीत, त्यातलं विजेचं, बॅटरी बदलण्याचं, चार्जरचं, पावसाळ्यातल्या बंद दिवसांचं गणित उघडं करून. तिसरं, टेंडरमध्ये बोटीची किंमत आणि पंचवीस वर्षांचं इंधन, बॅटरी, देखभाल हे मिळून जो स्वस्त त्याला काम, आणि त्याने सांगितलेला वापर ट्रायलला मोजून बघायचा, जास्त निघाला तर पैसे कापायचे. हा नियम नसेल तर कागदावर सगळ्याच बोटी कमी पितात.

आणि माणसं. लाँचवरचे ड्रायव्हर, खलाशी यांना हाय व्होल्टेजच्या बॅटरीवर काम करायचं शिक्षण द्या, बोट यायच्या आधी, नंतर नाही. लिथियमची आग डिझेलच्या आगीसारखी विझत नाही. ज्यांनी आयुष्यभर इंजिनाच्या आवाजावरून काय बिघडलंय ते ओळखलं त्यांना आवाज नसलेल्या इंजिनासमोर एकदम उभं करू नका, ते शिकतील, पटकन शिकतील, फक्त शिकवा.

पहिल्या खाडीचं गणित मांडायला तुम्हाला माणूस हवा असेल तर मी यायला तयार आहे, मानधन नको. माझं मत आगरदांडा-दिघीपासून सुरू करावं असं आहे. आत्ता चालणाऱ्या बोटीवर महिनाभर डिझेल मोजायचं, गर्दीच्या दिवशी, उधाणाच्या भरतीला, रिकामी जाताना, आणि तेवढ्यात महावितरणकडून दोन्ही धक्क्यांवर किती लोड मिळू शकतो ते लेखी घ्यायचं. दोन महिन्यांत टेंडर काढता येईल इतकी माहिती हातात असेल.

आपला नम्र,
रायगड जिल्ह्यातला एक मरीन इंजिनिअर